‘कुंदा’ म्हणतात म्हणून

॥ श्री ॥

शहापूर, बेळगाव
२४ नोव्हेंबर

चि. सोन्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझे गाऱ्हाणे ऐकून मी हसले आणि तू फोन ठेवून दिलास. हसण्याबद्दल आधी दिलगिरी व्यक्त करते, आणि फोनवर जे नीट सांगता आले नाही ते सावकाश लिहिते. एकतीस वर्षे मराठी शाळेत फळ्यावर लिहिण्यात गेल्यामुळे हातात खडू नाहीतर पेन असल्याशिवाय मला धड विचार करता येत नाही, असे तुझे बाबा म्हणतात, आणि ते खोटे नाही.

तुझी हकिकत अशी, की दिवाळीनंतर परत जाताना तू ऑफिसातल्या मंडळींसाठी कुंदा नेलास, दुपारच्या चहाला डबा उघडला, पाच वाजेपर्यंत तो चाटूनपुसून साफ झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून तुझे नावच ‘कुंदा’ पडले. इकडे कुंदा म्हटले की मिठाईच्या दुकानातल्या परातीतला तो तपकिरी, रवाळ, वेलदोड्याच्या वासाचा ऐवज डोळ्यांपुढे येतो. तिकडे पुण्यात कुंदा ही कोणाची तरी आत्या किंवा मावशी असते, म्हणून मुलांना हसू आवरत नाही. त्यातच परवा तुझ्या साहेबांनी सगळ्यांदेखत “कुंदा काय म्हणतात?” असे विचारले आणि तुझे कान लाल झाले. कान लाल होणे हे तुझ्या आजोबांकडून आले आहे, त्याला माझा इलाज नाही. नावाबद्दल मात्र चार गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

‘टोपणनाव’ हा शब्द तू शाळेत शंभरदा वाचला असशील, पण त्यातल्या टोपणाकडे बहुधा तुझे लक्ष गेले नसेल. टोपण म्हणजे झाकण. दौतीचे, पेनाचे, बरणीचे. खऱ्या नावावर जे झाकण बसते ते टोपणनाव. कवी ते आपल्या हाताने बसवतो आणि आत आपले नाव सुखरूप ठेवतो. सामान्य माणसाच्या नावावर मात्र ते दुसराच कोणीतरी येऊन बसवतो, आणि एकदा घट्ट बसले की फिरवून काढण्याची ताकद त्या माणसाच्या हातात उरत नाही. ‘सोन्या’ हे टोपण मी बसवले आहे. ते मी पाकिटावर लिहीत नाही, कारण पाकीट पोस्टमनच्या हातात जाते आणि पोस्टमनने तुला सोन्या म्हणावे असा त्याचा आणि तुझा संबंध नाही. हाकेचे नाव कोणाच्या तोंडी शोभते, हा सगळ्या प्रकरणातला अर्धा भाग आहे.

कवींचे म्हणशील तर त्यांची टोपणेही बहुधा घरातलीच असतात. कृष्णाजी केशव दामले वडिलांच्या नावावरून केशवसुत झाले, आणि शिरवाडकरांनी बहिणीच्या नावावरून स्वतःला कुसुमाग्रज म्हणवून घेतले. आईचे नाव घेणारा कवी मात्र आपल्या शेजारी धारवाडला झाला. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांची घरची भाषा मराठी, कविता कन्नड, आणि कवितेखालचे नाव ‘अंबिकातनयदत्त’, म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. १९७३ सालचे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. आई म्हणून मला हे नाव सगळ्यांत आवडते, हे तुला निराळे सांगायला नको.

आपल्याच तालुक्यातल्या सुळेभावीचे उदाहरण तर त्याहून गमतीचे आहे. १९२४ साली तिथे जन्मलेल्या शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली या मुलाचे गाणे ऐकून एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ अशी पदवी दिली. वास्तविक ती पदवी होती, नाव नव्हते. ‘पंडित’ किंवा ‘रावसाहेब’ जसे नावाच्या आधी लागते तशी ती लागायला हवी होती. पण ती मागच्या नावाला खाऊन बसली. आज शिवपुत्र कोमकली कोण, असे विचारले तर गाणे ऐकणारे लोकही क्षणभर थबकतात. नारायणराव राजहंसांचे बालगंधर्व झाले, कुंदगोळच्या रामभाऊंचे सवाई गंधर्व झाले, आणि आपल्या सुळेभावीचा मुलगा कुमार गंधर्व झाला. गंधर्वांच्या घराण्यात जन्मनावांना फारसे आयुष्य नसावे. गंमत पुढच्या पिढीत आहे. त्यांच्या गायक मुलाने टोपण उचलून आतले नाव बाहेर काढले आणि तो मुकुल शिवपुत्र म्हणून गाऊ लागला.

ही झाली मोठ्यांची नावे. माझ्यासारख्या बाईची गोष्ट निराळी, आणि ती मी तुला कधी नीट सांगितलेली नाही. मला आयुष्यात तीन नावे मिळाली. पहिले बाराव्या दिवशी पाळण्यात, दुसरे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेले, आणि तिसरे या गल्लीत. पहिली दोन नावे निदान कोणीतरी विचार करून ठेवली होती. तिसरे मी उंबरठा ओलांडला त्या संध्याकाळीच ठरले, आणि ते होते ‘निपाणीची’. तुझ्या आजीला चार सुना, त्यांपैकी एक ‘हुक्केरीची’, एक ‘खानापूरची’, एक ‘चंदगडची’ आणि मी ‘निपाणीची’. “निपाणीची कुठं गेली गं? आधण उकळाय लागलंय,” अशी हाक आली की मी चुलीपुढे धावायची. निपाणी तंबाखूचे गाव, त्यामुळे मी कधी उलट बोलले की “तंबाखूच्या गावची, झोंबणारच,” हा शेरा ठरलेला असे. मला त्या नावाचा भयंकर राग येई. मी शिकलेली, नोकरी करणारी, मस्टरवर सही करणारी बाई, आणि या घरात माझी ओळख म्हणजे मी ज्या गावातून निघून आले ते गाव.

त्या नावातली सोय माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षे गेली. सासरच्या बाईने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, थोरल्या जावेचे घ्यायचे नाही, सासूचे तर नाहीच. मग एकमेकींना हाक मारायची कशी? गावाचे नाव घेतले की कोणाचा मान जात नाही आणि कोण ते चटकन कळते. शिवाय सासरी आल्यावर बाईचे सगळे काही बदलते, नाव, आडनाव, कुलदैवत, भाकरी थापण्याची पद्धतसुद्धा, तेव्हा तिचे माहेर तेवढे रोज दहा वेळा मोठ्याने उच्चारले जाते ते याच नावात. हे मी तुझ्या आजीला एकदा म्हणून दाखवले, तर ती म्हणाली, “एवढा इचार कोण करतंय गं, तोंडात बसतंय म्हणून म्हणायचं.” बहुधा तिचेच खरे. पुढे दोन घरे सोडून निपाणीचीच एक सून आली आणि मी ‘थोरली निपाणीची’ झाले. त्या दिवशी मला बढती मिळाल्यासारखे वाटले होते, हे आज कबूल करते.

तुझ्या बाबांचे आडनावही असेच गावावरून आलेले, ‘कर’ लागलेले. ज्या गावाचा तो ‘कर’ आहे तिथे आपले घर नाही, शेत नाही, ओळखीचे माणूसही नाही. चार पिढ्यांपूर्वी कोणीतरी तिथून निघाले आणि ज्या गावी पोहोचले तिथल्यांनी त्याला त्या नावाने ओळखले. माणूस गावात असेपर्यंत त्याला गावाचे नाव लागत नाही, लागते ते गाव सोडल्यावर. बेळगावात कोणी कोणाला बेळगावकर म्हणत नाही. यात आपल्या दोन भाषांची खोड निराळी आहे. मराठीत गाव नावाच्या मागे जाऊन बसते, कन्नडमध्ये ते पुढे उभे राहते: संगोळ्ळी रायण्णा, कित्तूर चन्नम्मा. चन्नम्मांचा जन्म काकतीचा, पण त्या कित्तूरच्या राणी म्हणून कित्तूर चन्नम्मा. माहेरच्या गावाऐवजी सासरचे गाव नावाला लागलेले हे एक उदाहरण मी तुझ्या आजीला मुद्दाम सांगितले होते. तिने ते ऐकले न ऐकल्यासारखे केले.

गाव आणि माणूस यांची नावे एकमेकांत कशी फिरतात हे पाहायचे असेल तर किर्लोस्करांचे पाहावे. कोकणातल्या किर्लोसी गावावरून त्या घराण्याला किर्लोस्कर हे आडनाव पडले. घराणे घाट चढून आपल्या जिल्ह्यात गुर्लहोसूरला आले. नाटकवाले बळवंत पांडुरंग, ज्यांना जग अण्णासाहेब म्हणून ओळखते, ते तिथलेच, आणि कारखानदार लक्ष्मणरावही तिथलेच. लक्ष्मणराव आधी बेळगावात सायकलींचा धंदा करत. पुढे १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलच्या माळावर त्यांनी कारखाना हलवला आणि त्या वसाहतीचे नाव किर्लोस्करवाडी पडले. म्हणजे गावाने माणसाला नाव दिले, आणि त्या माणसाने ते नाव दुसऱ्या गावाला नेऊन दिले. बेळगावात मागे राहिला तो किर्लोस्कर रोड, जिथे तू चौथीत असताना माझा हात सोडून हरवला होतास.

आडनाव या शब्दाचेही पाहा. मुख्य नावाच्या आडोशाला जे उभे ते आडनाव. कन्नडमध्येही शब्द तोच, ‘अड्डहेसरु’, आणि त्याचा अर्थ टोपणनाव असाही होतो. दोन्ही अर्थ एका शब्दात राहावेत हे मला अगदी बरोबर वाटते, कारण उत्तर कर्नाटकातली कितीतरी आडनावे ही उघड उघड कोणाची तरी जुनी टोपणनावे आहेत. माझ्या शाळेत एक मेणसिनकाई गुरुजी होते, म्हणजे मिरची, आणि शेजारच्या कन्नड शाळेत उळ्ळागड्डी बाई होत्या, म्हणजे कांदा. दोघे पल्स पोलिओच्या ड्युटीवर एका टेबलाशी बसले की मी म्हणायची, आज झुणका होणार. कधीकाळी कोणीतरी मिरचीचा व्यापार केला असेल, किंवा तिखट बोलला असेल. आता ते नाव मतदारयादीत, सात-बाऱ्यावर आणि लग्नपत्रिकेवर मानाने छापले जाते. आपल्याकडे गोडबोले, साखरे, दहीभाते आहेतच. तेव्हा ‘कुंदा’ हे पाच पिढ्यांनी कोणाचे तरी प्रतिष्ठित आडनाव होईल, ही भीती किंवा आशा धरायला हरकत नाही.

आता गावांच्या टोपणनावांकडे येते, कारण तुझे नाव मुळात तुझे नाहीच, ते गावाचे आहे. इकडची कन्नड वर्तमानपत्रे बेळगावला सर्रास ‘कुंदानगरी’ म्हणतात. विजापूर ‘गुम्मटनगरी’, धारवाड ‘विद्याकाशी’, तसे आपण कुंदानगरी. रट्ट राजांच्या काळच्या शिलालेखांत या गावाचे नाव वेणुग्राम असे आहे. वेणू म्हणजे वेळू, बांबूंचे गाव. वेणुग्रामाचे बेळगाव झाले, इंग्रजांच्या कागदांत ते आणखी वाकडे झाले, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदोपत्री ते ‘बेळगावी’ आहे. मी ‘बेळगाव’ लिहिते आणि पत्र पोहोचते. एकाच तारखेलाही आपल्याकडे दोन नावे आहेत. याच महिन्याच्या १ तारखेला एका रस्त्याने कर्नाटकाच्या स्थापनेच्या राज्योत्सवाची मिरवणूक गेली आणि दुसऱ्या रस्त्याने, बेळगाव महाराष्ट्रात गेले नाही म्हणून, मराठी लोकांची काळ्या दिनाची फेरी. नाव कोणते घेतो यावरून माणूस कोणत्या फुटपाथवर उभा आहे ते ओळखायची सवय इथल्या लोकांना फार लहानपणापासून लागते, आणि मला वाटते, नावाच्या बाबतीत तू एवढा हळवा आहेस त्याचे मूळही तिथेच असावे.

बेळगावला जुने लोक ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणत. मला हे नाव कधीच आवडले नाही. एक तर त्यात आपण गरीब, आणि दुसरे म्हणजे आपण महाबळेश्वर नाही, हेच त्यात सांगितले आहे. गोकाकच्या धबधब्याला ‘कर्नाटकाचा नायगारा’ म्हणतात तोही असाच प्रकार. घटप्रभा नदी तिथे ५२ मीटर खाली उडी घेते, पावसाळ्यात त्या झुलत्या पुलावर उभे राहिले की अंगावर तुषार येतात आणि शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही; एवढे असताना कधी न पाहिलेल्या नदीचे नाव उसने आणण्याची काय गरज आहे, ते मला समजत नाही. इचलकरंजीला मँचेस्टर म्हणणे, हुबळीला छोटी मुंबई म्हणणे, ही सगळी शेजारणीची पैठणी नेसून लग्नाला जाण्यासारखी गोष्ट आहे. त्यापेक्षा कुंदानगरी कितीतरी स्वाभिमानाचे. जे आपण आपल्या कढईत आटवले त्याचेच नाव आपण मिरवतो. गोकाकलाही कोणी तिथल्या मिठाईवरून ‘करदंटाचे गाव’ म्हणाले तर मी लगेच मान डोलवीन.

आणि खरी टोपणनावे तर पाटीवर कधी येतच नाहीत. टिळकवाडीत आपण ‘पहिले गेट’, ‘दुसरे गेट’, ‘तिसरे गेट’ म्हणून पत्ता सांगतो. बाहेरगावच्या माणसाला वाटते काही तरी किल्ल्याचे दरवाजे असतील, आणि निघते रेल्वेचे फाटक. तिसऱ्या गेटावर पूल झाला तरी रिक्षावाला तिसरे गेटच म्हणणार. व्हॅक्सिन डेपोत पूर्वी देवीची लस तयार होत असे. देवीचा रोग जगातून गेला, तसे १९८० साली जाहीरही झाले, पण सकाळी फिरायला जाणारी मंडळी अजून ‘व्हॅक्सिन डेपोत जाऊन येतो’ असेच म्हणतात. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा पाण्यासाठी एक मोठी विहीर खोदून तिला ‘पंपासरोवर’ असे भारदस्त नाव दिले गेले. त्या नावाने आज किती जणांना ती सापडेल? ‘काँग्रेस विहीर’ म्हण, कोणीही बोट दाखवील. समारंभात नारळ फोडून ठेवलेले नाव आणि घागर घेऊन पाणी भरायला आलेल्या माणसाने ठेवलेले नाव, यांत दुसरेच टिकते असे मी तरी आजवर पाहिले आहे.

खेड्यात तर टोपणनाव ही चैन नाही, गरज आहे. माझी पहिली नेमणूक खानापूर तालुक्यातल्या एका गावी होती. चौथीच्या वर्गात बेचाळीस मुले, त्यांत पाटील अकरा, आणि त्या अकरांत मारुती तीन. गावातही तसेच, पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला की चावडीवर उभा राहून “मारुती पाटील कोण?” असे विचारी आणि तीन घरांची दारे उघडत. मग एक ‘वडाखालचा मारुती’, एक ‘मिलिटरी मारुती’ कारण त्याचा चुलता मराठा रेजिमेंटमध्ये होता, आणि एक ‘बुटका मारुती’, जो त्या तिघांत सगळ्यांत उंच होता. उलटे नाव ठेवण्याची ही खोड आपल्या भागात फार. मुलांच्या हाकेच्या नावांना तर व्याकरणच आहे: परशरामाचा परश्या, यल्लाप्पाचा यल्ल्या, लक्ष्मणाचा लक्षा, आणि भांडण झाले की शेवटचा स्वर अधिक लांबवायचा. ते सोडून देते, कारण मला तुला जी गोष्ट सांगायची आहे ती याच वर्गातली आहे आणि ती मी आजवर घरात कोणाला सांगितलेली नाही.

त्या वर्गात खिडकीजवळ एक मुलगा बसत असे. हुशार होता, अक्षर चांगले होते, पण दुसऱ्या तासाला त्याची मान खाली जाई. एकदा पाढे चालू असताना तो सरळ पाटीवर डोके ठेवून झोपला. मी जवळ गेले, टेबलावरची पट्टी त्याच्या बाकावर आपटली आणि म्हणाले, “ऊठ रे झोप्या!” वर्ग खळखळून हसला. मीही हसले. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, आणि वर्ग आपल्या विनोदाला हसतो याचे शिक्षकाला फार अप्रूप असते. आठ दिवसांत ते नाव खेळाच्या मैदानावर गेले, पंधरा दिवसांत पाणवठ्यावर, आणि महिन्याभरात त्याची आईसुद्धा मला म्हणाली, “आमच्या झोप्याला तेवढं बघा बाई.”

मार्चमध्ये कोणाकडून तरी कळले की त्यांच्या शेताला थ्री-फेज वीज रात्री दोन वाजता येते, आणि बापाचा पाय अधू असल्यामुळे ऊस भिजवायला तोच पोर कंदील घेऊन जातो. पाटातले पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवत तो पहाटे सहापर्यंत चिखलात उभा असे आणि दहा वाजता शाळेत येई. मी दुसऱ्याच दिवशी वर्गाला बजावले की यापुढे हे नाव कोणी घ्यायचे नाही. त्याने काय झाले असेल ते तू ओळखलेच असशील. तोवर जे सवयीने म्हणत होते ते आता मुद्दाम म्हणू लागले.

गेल्या वर्षी रविवारच्या बाजारात मी आणि तुझी मावशी भाजी घेत होतो. एक पन्नाशीकडे आलेला गृहस्थ पुढे आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “बाई, वळखलासा काय? मी झोप्या.” आता त्याची पिठाची गिरण आहे, भुवयांवर पांढरे पीठ बसले होते. मुलगी नर्सिंगला आहे म्हणाला. हसत बोलला, माझी पिशवी रिक्षापर्यंत आणून दिली. रिक्षात बसल्यावर मला जाणवले की त्याने आपले खरे नाव सांगितले असते तर मी त्याला ओळखले नसते. ते नाव मला आठवत नव्हते. मला ते आठवत नसणार हे त्यालाही माहीत असावे, म्हणून त्याने ते सांगितले नाही.

तर सोन्या, कोणत्या टोपणनावाचा राग धरावा आणि कोणत्याचा धरू नये, याबद्दल माझे मत मी बाजारातून विकत आणलेले नाही. तुझे नाव तू जे वाटलेस त्यावरून पडले आहे. तुझ्या देहावरून, जातीवरून, गरिबीवरून, बोलण्यातल्या अडखळण्यावरून नाही. तुझ्या साहेबांनी “कुंदा काय म्हणतात?” असे विचारले, “कुंदा काय म्हणतो?” असे नाही, हे तुझ्या ध्यानात आले का? चेष्टेतसुद्धा त्यांनी आदरार्थी बहुवचन सोडले नाही. आणि तिथल्या मुलांना ते नाव सोडायला सांगू नकोस. मनाई केली की काय होते, ते वर लिहिलेच आहे.

मात्र तू जाता जाता जे बोललास, की एक जण तुला ‘ए कानडी’ अशी हाक मारतो, ते मला हसण्यावारी नेता आले नाही. ते टोपणनाव नव्हे. टोपणनाव एका माणसाला ओळखण्यासाठी असते, आणि ही हाक त्याला ढिगात टाकण्यासाठी. तुझ्या आत्याच्या मुलीला बंगळुरात नेमके उलटे ऐकावे लागते. तिथे ती ‘मराठीवाली’. एकाच घरातली दोन मुले, एक उत्तरेला गेला तर कानडी, दुसरी दक्षिणेला गेली तर मराठी. विठोबाला आपल्या संतांनीच कानडा म्हटले आहे, हे त्या मुलाला सांगून पाहा. प्रेमाने म्हणत असेल तर त्याला आनंद होईल, आणि तसे नसेल तर तो पुढे म्हणणार नाही. त्यानेही भागले नाही तर त्याच्या हाकेला ओ देऊ नकोस. ‘कुंदा’ला ओ दे, ‘कानडी’ला देऊ नकोस. न बोलता सगळ्यांना कळेल.

शुक्रवारी रात्रीच्या बसने शेजारचे काका पुण्याला येत आहेत. त्यांच्याबरोबर दोन डबे देते, एक ऑफिसचा आणि एक तुझा. ऑफिसचा डबा माझ्या लग्नातला आहे, त्यावर तुझ्या आजोबांनी निपाणीच्या भांडेवाल्याकडून माझे माहेरचे नाव घालून घेतले होते. ते वाचून कोणी ही कोण म्हणून विचारले तर सांग. तुझ्या डब्यावर पूर्वी काहीच नव्हते, म्हणून परवा खडेबाजारातल्या भांड्यांच्या दुकानात नेऊन टोपणावर नाव घालून आणले. दुकानदाराने कोणते घालायचे म्हणून दोनदा विचारले. दोन्ही डबे संक्रांतीला येताना परत आण. गणपतीत नेलेला पितळी डबा अजून तिकडेच आहे.

तुझी,
आई